हँडल, सेल्फ आणि ओले फडके

'गाडीचा सेल्फ लागत नाही' हे वाक्य कधीच कानावर पडले नाही असा मराठी माणूस सापडणे कठीण. 'सेल्फ' या इंग्रजी शब्दाचा अर्थ 'स्वतः' एवढाच. मोटारीच्या बाबतीत तो 'सेल्फ-स्टार्टर' या जोडशब्दाचा पहिला अर्धा भाग. इंग्रजी बोलणाऱ्यांनी काळाच्या ओघात हा अर्धा भाग टाकून दिला आणि ते नुसते 'स्टार्टर' म्हणू लागले. आपल्याकडच्या मेस्त्रींनी नेमके उलटे केले. त्यांनी 'सेल्फ' ठेवला आणि दुसरा भाग सोडला. त्यामुळे एक जुनी गोष्ट आपल्या बोलण्यात टिकून राहिली, ती म्हणजे मोटार पूर्वी 'स्वतः' सुरू होत नसे, तिला कोणीतरी हाताने सुरू करावे लागे.

न सुरू होणाऱ्या मोटारीचा इतिहास सांगायला मानपाडा हे गाव आम्हाला सोयीचे वाटते. ठाणे जिल्ह्यात या नावाच्या दोन जागा सर्वांना ठाऊक आहेत. एक ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यावर, तर दुसरी डोंबिवलीच्या पूर्वेला, मानपाडा रस्ता कल्याण-शीळ रस्त्याला मिळतो तिथे. दोन्हीकडून लांबच्या प्रवासाला तोंड फुटते. पहिल्या मानपाड्यावरून वसई आणि गुजरातकडे जाता येते, तर दुसऱ्यावरून पनवेलमार्गे घाटावर किंवा कोकणात. आपल्याला दुसऱ्या मानपाड्याशी कर्तव्य आहे, कारण तिथून शीळफाट्याकडे जाताना 'प्रीमियर ऑटोमोबाइल्स' कंपनीचा कारखाना लागत असे. या कंपनीची 'पद्मिनी' मोटार, जिला लोक शेवटपर्यंत 'फियाट'च म्हणत राहिले, रस्त्याच्या कडेला उभी राहून अडली की काय करायचे हे महाराष्ट्रात हजारो माणसांना तोंडपाठ होते. हे ज्ञान कुठून आले, ते भौतिकशास्त्राच्या दृष्टीने कितपत खरे होते आणि पुढे त्याचे काय झाले, हे पाहण्यासारखे आहे.

टोपीची पिन

घरापासून दूर मोटार अडण्याचा प्रसंग मोटारीइतकाच जुना आहे. कार्ल बेंझ यांच्या तीनचाकी मोटारीला १८८६ साली पेटंट मिळाले, पण ती विकत घ्यायला कोणी पुढे येईना. १८८८ च्या ऑगस्टमध्ये त्यांच्या पत्नी बेर्टा बेंझ यांनी पतीला न सांगता मोटार बाहेर काढली आणि दोन किशोरवयीन मुलांना घेऊन त्या मानहाइमहून फोर्त्सहाइम या आपल्या माहेरच्या गावी निघाल्या. अंतर सुमारे शंभर किलोमीटर. वाटेत पेट्रोलपंप नव्हतेच, कारण जगात तो कुठेच नव्हता. व्हीसलोख गावातल्या औषधाच्या दुकानात डाग काढण्यासाठी लिग्रॉइन नावाचा हलका पेट्रोलियम द्रव मिळत असे, तो त्यांनी इंधन म्हणून विकत घेतला.

पुढची हकीकत कुटुंबाच्या आठवणींतून आली आहे. वाटेत इंधनाची नळी तुंबली, तेव्हा बेर्टाबाईंनी टोपीला लावायची लांब पिन घालून ती मोकळी केली. ठिणगीसाठी असलेल्या तारेवरचे आवरण झिजून विद्युतप्रवाह भलतीकडे जाऊ लागला, तेव्हा तिच्यावर मोज्याचा पट्टा गुंडाळला. आम्हाला यातली चातुर्याची बाजू जितकी महत्त्वाची वाटते, तितकीच दुसरीही. पहिल्या लांबच्या प्रवासात ज्या दोन गोष्टींनी दगा दिला, त्या होत्या इंधनाचा मार्ग आणि ठिणगीचा मार्ग. पुढची शंभर वर्षे रस्त्यात अडलेल्या पेट्रोलच्या गाडीजवळ वाकून उभ्या असलेल्या माणसाने याच दोन ठिकाणी शोध घेतला.

हँडलचा हिसका

बेंझच्या मोटारीचे मोठे आडवे चाक हाताने फिरवून इंजिन सुरू करीत. पुढच्या मोटारींना त्यासाठी लोखंडी हँडल आले. पेट्रोलचे इंजिन आपण होऊन हलत नाही, हे विद्यार्थ्यांना मुद्दाम सांगावे लागते. वाफेच्या इंजिनात बाहेरून तयार दाब येतो. पेट्रोल इंजिनात आधी दट्ट्या खाली जाऊन हवा व पेट्रोल आत ओढतो, मग वर येऊन ते दाबतो, आणि त्यानंतर ठिणगी पडून शक्ती मिळते. म्हणजे शक्ती मिळण्याआधी निदान एक फेरा बाहेरच्या कोणीतरी फिरवलाच पाहिजे. हे काम मनगटाकडे होते.

आणि मनगटच मोडे. दट्ट्या वर पोचण्याच्या आत ठिणगी पडली तर स्फोट त्याला उलटा ढकलतो, हँडल उलटे फिरते आणि हातावर आदळते. मनगटाजवळच्या रेडियस हाडाच्या टोकाचा विशिष्ट अस्थिभंग डॉक्टर आजही 'शोफरचा अस्थिभंग' म्हणून ओळखतात. (शोफर या फ्रेंच शब्दाचा मूळ अर्थ भट्टी तापवणारा, वाफेच्या यंत्रांवरून तो मोटारीवर आला.) जुने ड्रायव्हर नवशिक्याला दोन गोष्टी बजावीत : हँडलभोवती अंगठा वळवायचा नाही, तो बोटांच्याच बाजूला ठेवायचा, आणि हँडल खाली दाबायचे नाही, वर ओढायचे. उलटा झटका बसला तर ते हातातून निसटून जावे, यासाठी हे दोन्ही नियम.

या दुखण्यावर उपाय शोधला अमेरिकेतल्या चार्ल्स केटरिंग यांनी, १९११ साली. कॅडिलॅक कंपनीचे प्रमुख हेन्री लीलंड यांचे स्नेही बायरन कार्टर हँडलच्या फटक्याने दगावले आणि त्यातून लीलंड यांनी हा ध्यास घेतला, अशी गोष्ट बहुतेक पुस्तकांत असते. तिचे तपशील प्रत्येक पुस्तकात निराळे असल्याने आम्ही तिच्यावर फार भर देत नाही. केटरिंग यांचा विचार मात्र सांगण्याजोगा आहे. इंजिन फिरवू शकेल अशी विजेची मोटर फार मोठी आणि जड होईल, गाडीत मावणार नाही, असा तज्ज्ञांचा हिशेब होता. सतत चालणाऱ्या मोटरीपुरता तो बरोबरही होता. केटरिंग यांनी पूर्वी दुकानातल्या गल्ल्याचे यंत्र विजेवर चालवण्याचे काम केले होते. त्या यंत्राला एक झटका पुरतो, मोटर सतत फिरावी लागत नाही. इंजिनालाही पहिले काही सेकंदच मदत हवी. तेवढ्या वेळापुरता छोट्या मोटरीला तिच्या कुवतीपेक्षा कितीतरी जास्त प्रवाह दिला तरी ती जळत नाही, कारण तापायला वेळच मिळत नाही. १९१२ च्या कॅडिलॅक मोटारींना हा सेल्फ-स्टार्टर बसला. इंजिन सुरू झाल्यावर तीच मोटर जनित्र बनून बॅटरी भरत असे.

'सेल्फ सारखा मारू नकोस, जळेल' हे ड्रायव्हरचे बोलणे त्या मूळ हिशेबाचाच भाग आहे. सेल्फ ही जाणूनबुजून अपुरी बनवलेली मोटर आहे. दहा सेकंद फिरवावी, मिनिटभर थांबावे आणि मग पुन्हा प्रयत्न करावा.

हँडल लगेच गेले नाही. आपल्याकडे जीप आणि अॅम्बॅसॅडर यांच्या पुढच्या बाजूला हँडल घालण्यासाठी भोक असे, आणि डिकीत स्टेपनीशेजारी हँडल पडलेले असे. स्टेपनी हा शब्दही असाच प्रवास करून आलेला. वेल्समधल्या लानेली गावच्या स्टेपनी नावाच्या रस्त्यावर १९०४ च्या सुमारास जादा चाक बनवणारे दुकान होते. त्या दुकानाची मूळ वस्तू जगातून कधीच गेली, पण नाव आपल्या गॅरेजांत मुक्कामाला राहिले.

एकच गाडी, पस्तीस वर्षे

मुंबईत मोटारी जोडण्याचे काम जनरल मोटर्सने १९२८ साली शिवडीला सुरू केले. त्या मोटारींचे भाग परदेशातून येत. मोटार देशातच तयार व्हावी असा ध्यास घेतलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली आणि कुर्ल्याच्या कारखान्यात अमेरिकन क्रायस्लर कंपनीच्या सहकार्याने काम सुरू केले. स्वातंत्र्यानंतर सरकारने ठरवले की ज्यांना येथे भाग बनवायचे असतील त्यांनीच राहावे, नुसती जोडणी पुरे. १९५० च्या दशकाच्या पूर्वार्धात जनरल मोटर्स व फोर्ड यांनी गाशा गुंडाळला. प्रीमियरने इटलीच्या फियाटशी करार केला. त्यातून १९६४ साली 'फियाट ११०० डिलाइट' आली, आणि १९७४ च्या सुमारास तिचेच नाव 'प्रीमियर पद्मिनी' झाले. इंजिन १०८९ घनसेंटिमीटरचे, चार सिलिंडरचे, सुमारे चाळीस अश्वशक्तीचे. इटलीत ही रचना काही वर्षांतच मागे पडली. आपल्याकडे ती विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत चालू राहिली.

याबद्दल आपण त्या काळच्या धोरणांना नावे ठेवतो, आणि ते योग्यही आहे. गाडीसाठी वर्षानुवर्षे नंबर लावून बसावे लागे आणि हाती येई ती जुन्या आराखड्याची गाडी. पण या साचलेपणाचा एक परिणाम सहसा कोणी लिहीत नाही. एकच यंत्र पस्तीस वर्षे बदलले नाही, म्हणून त्याचे ज्ञान सर्वत्र झिरपले. मुंबईची टॅक्सी फियाट, डॉक्टरांची गाडी फियाट, तालुक्याच्या गावच्या वकिलांची गाडीही फियाटच. खोपोली, संगमनेर, चिपळूण, कुठेही गाडी अडली तरी जवळच्या मेस्त्रीने तेच इंजिन शंभरदा उघडलेले असे, आणि पॉइंट किंवा कंडेन्सर त्याच्या खणात पडलेला असे. पोरगा दहाव्या वर्षी पाने देऊ लागे आणि विसाव्या वर्षी आवाजावरून दोष सांगे. शाळेत न शिकलेले विद्युतशास्त्र त्याच्या हातात होते. मालकालाही नाइलाजाने काही ना काही शिकावेच लागे. त्याची ती हौस होती असे म्हणणे खोटे ठरेल. घाटात रात्री मदत येण्याची वाट पाहणे परवडत नसे, एवढेच.

दिवा, ठिणगी, पेट्रोल

अडलेल्या गाडीची तपासणी एका क्रमाने होई. हा क्रम कुठे छापलेला नव्हता, पण प्रयोगशाळेतल्या कोणत्याही चांगल्या पद्धतीच्या तोडीचा होता. एका वेळी एकच प्रश्न विचारायचा, आणि तोही असा की उत्तर कोणतेही आले तरी अर्धी कारणे बाद व्हावीत.

पहिला प्रश्न असा : सेल्फ मारल्यावर इंजिन फिरते का? फिरत असेल तर बॅटरी, सेल्फ आणि त्यांच्या जाड तारा निर्दोष ठरतात, पुढे जायचे. फिरत नसेल तर हेडलाइट लावून पुन्हा सेल्फ मारायचा आणि दिव्यांकडे पाहायचे. दिवे एकदम मंदावले तर एक तर बॅटरी उतरली आहे किंवा तिच्या टोकाशी तारेचा सांधा खराब आहे. दिवे तसेच प्रखर राहिले आणि इंजिन ढिम्म, तर प्रवाह सेल्फपर्यंत पोचतच नाही. दोष स्विचमध्ये किंवा सेल्फमध्ये आहे.

इथे एक गैरसमज हमखास आढळतो : 'दिवे छान लागतात, म्हणजे बॅटरीचा प्रश्न नाही.' ओहमच्या नियमाचे यासारखे उदाहरण पाठ्यपुस्तकात शोधून सापडणार नाही. बॅटरीच्या टोकावर पांढरट-हिरवट भुकटी साचून तिथे फक्त ०.०२ ओहम रोध निर्माण झाला आहे असे समजा. दोन हेडलाइट मिळून ९० वॅटचे धरले तर १२ व्होल्टला प्रवाह साडेसात अँपिअर. सांध्यावर वाया जाणारे विभवांतर ७.५ × ०.०२ म्हणजे ०.१५ व्होल्ट, दिव्यांना त्याचा पत्ताही लागत नाही. आता सेल्फ मारला. त्याला सुमारे १५० अँपिअर हवेत. तेवढा प्रवाह वाहू लागला तर त्याच सांध्यावर १५० × ०.०२ म्हणजे ३ व्होल्ट खर्ची पडतात, आणि सेल्फच्या वाट्याला नऊच उरतात. शिवाय त्या टीचभर जागेत ४५० वॅट उष्णता निर्माण होते, म्हणजे एखाद्या हलक्या इस्त्रीइतकी. म्हणूनच जुना मेस्त्री सेल्फ मारून झाल्यावर बॅटरीच्या टोकांना हात लावून बघतो. जे टोक गरम, तिथे दोष. कोणतेही मीटर न वापरता त्याने रोध मोजलेला असतो! उपाय साधा : टोक सोडवायचे, गरम पाण्याने भुकटी धुवायची, खरवडून पुन्हा घट्ट बसवायचे.

वर्गात दोन पेन्सिल सेल, विजेरीचा बल्ब आणि खेळण्यातली मोटर घेऊन हा प्रयोग करता येतो. मंडलात पेन्सिलीच्या शिशाचा तुकडा रोध म्हणून घातला की काय होते ते विद्यार्थ्यांनी आधी अंदाजाने सांगावे आणि मग पाहावे. मोटर मोकळी फिरू दिली तर प्रवाह कमी लागतो. बोटाने तिला अडवले की प्रवाह वाढतो आणि सोबत लावलेला बल्ब मंदावतो. गाडीच्या दिव्यांची परीक्षा ती हीच.

बॅटरी खरोखरच उतरली असेल तर गाडीला धक्का मारायचा. दुसरा गिअर टाकून, क्लच दाबून, गाडी जरा वेगात आली की क्लच सोडायचा. चाके इंजिनाला फिरवतात. सेल्फला दीडशे अँपिअर लागतात, पण ठिणगीच्या कॉइलला तीन-चार पुरतात. अर्धमेली बॅटरी सेल्फला नकार देते आणि कॉइलला होकार, म्हणून धक्क्याने गाडी सुरू होते. जुन्या फियाटला डायनॅमो असे, आणि इंजिन मंद चालत असताना तो बॅटरी जवळजवळ भरतच नसे. पावसाळी रात्री वाहतुकीत रखडलेली, दिवे आणि वायपर चालू असलेली गाडी इंजिन बंद करताच अडून बसे, ती यामुळे.

आता दुसरा प्रश्न. इंजिन फिरते, पण पेटत नाही. 'करंट येतो का बघ' म्हणजे एका प्लगची जाड तार काढून तिचे टोक इंजिनाच्या धातूपासून चार-पाच मिलिमीटरवर धरायचे आणि सेल्फ मारायचा. निळी, चटचट वाजणारी ठिणगी उडाली तर ठीक. ही व्यवस्थाही केटरिंग यांचीच. कॉइलमधून १२ व्होल्टचा प्रवाह वाहत असतो. तो 'पॉइंट' नावाचे दोन छोटे सांधे अचानक तोडतात, आणि प्रवाह तुटल्यामुळे चुंबकक्षेत्र कोसळून दुसऱ्या गुंडाळीत पंधरा-वीस हजार व्होल्ट निर्माण होतात. फॅरडे यांनी १८३१ साली शोधलेले विद्युतचुंबकीय प्रवर्तन ते हेच. चार सिलिंडरचे इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल तर अशा ठिणग्या सेकंदाला शंभर लागतात. याचा हिशेब विद्यार्थ्यांकडून जरूर करून घ्यावा. दर सेकंदाला शंभर वेळा उघडमीट करणारे पॉइंट झिजणार, जळून काळे पडणार, हे ओघानेच आले. मेस्त्री पॉलिश पेपरचा तुकडा त्यांच्या मध्ये घालून घाशी आणि अर्ध्या मिलिमीटरहून थोडे कमी अंतर ठेवी. अंतर मोजण्याची पाती जवळ नसेल तर जाड कागदाची घडी चाले.

कोकणातल्या पावसात प्रश्न वेगळाच असे. ठिणगी निर्माण होई, पण प्लगपर्यंत पोचत नसे. डिस्ट्रिब्यूटरच्या झाकणावर ओलाव्याचा पातळ थर बसला की वीस हजार व्होल्टना तो सोपा रस्ता सापडतो. कोरड्या फडक्याने झाकण आणि तारा पुसून काढल्या की गाडी सुरू! यात जादू वाटावी असे काही नाही. पावसात विजेच्या खांबांवरच्या चिनी मातीच्या चकत्या चरचरतात, तोच प्रकार.

(इथे एक सूचना द्यायला हवी. तार हातात धरून ठिणगी पाहण्याची रीत जुन्या गाड्यांची आहे. आताच्या गाड्यांतले दाब याहून बरेच जास्त असतात. त्यांच्यावर हा प्रयोग करू नये.)

डिझेलच्या गाडीला हा दुसरा प्रश्नच नसतो. तिथे हवा इतकी दाबली जाते की तिच्या उष्णतेनेच डिझेल पेटते. तिचे मुख्य दुखणे 'हवा धरणे'. नळीत बुडबुडा शिरला की पंप त्या बुडबुड्यालाच दाबत बसतो. नट ढिला करून, हातपंप मारून, फेस जाऊन नुसते डिझेल येईपर्यंत थांबायचे.

घाटातले बाष्प

तिसरा प्रश्न पेट्रोलचा. टाकीत पेट्रोल आहे, ठिणगी आहे, तरी गाडी सुरू होत नाही. इंजिनाजवळ पेट्रोलचा भपकारा येत असेल तर ते जास्त झाले आहे, प्लग भिजले आहेत. दहा मिनिटे थांबून, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारायचा, म्हणजे नुसती हवा जाऊन प्लग सुकतात. वास अजिबात येत नसेल तर कार्बोरेटरच्या जेटमध्ये कचरा, किंवा मग उन्हाळ्यातला तो प्रसिद्ध विकार, ज्याला सगळे 'व्हेपर लॉक' म्हणत.

खोपोली सोडली की सुमारे पाचशे मीटर चढून गाडी खंडाळ्याला येते. मे महिना, गाडीत सहा माणसे, टपावर सामान. गाडी घाट चढते, वर आल्यावर मंडळी चहाला थांबतात आणि नंतर गाडी सुरू होत नाही. चढताना अडली नाही आणि विश्रांती घेतल्यावर अडली, हे अनेकांना कोडे वाटे. पेट्रोल हा एकच पदार्थ नव्हे, अनेकांचे मिश्रण आहे. त्यातले सर्वांत हलके घटक ३५ ते ४० अंश सेल्सिअसलाच उकळू लागतात. फियाटचा पेट्रोलपंप इंजिनालाच चिकटलेला होता आणि मागच्या टाकीतले पेट्रोल तो ओढून घेई. ओढायचे म्हणजे नळीतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी करायचा, आणि दाब कमी झाला की द्रव आणखी लवकर उकळतो. गाडी चालू असताना पंखा फिरतो, पाणी फिरते, टाकीतले थंड पेट्रोल सतत येत असते. इंजिन बंद केले की हे सारे थांबते, पण तापलेल्या लोखंडातली उष्णता तशीच असते. ती पंपात आणि नळीत शिरते. पंपात वाफ भरते. वाफ दाबली जाते आणि फुगते, पुढे सरकत नाही. पंप चालतो, पण कार्बोरेटर कोरडा.

उपाय म्हणजे पंपावर ओले फडके. त्या काळी लांबच्या प्रवासाला निघालेल्या गाडीच्या पुढे पाण्याची कॅनव्हासची छागल लटकत असे. तिच्यातले पाणी फडक्यावर ओतायचे आणि पंप गुंडाळायचा. एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला सुमारे ५४० कॅलरी उष्णता लागते. ती पंपाकडून घेतली जाते, आतली पेट्रोलची वाफ पुन्हा द्रव होते. पाच-दहा मिनिटांत गाडी सुरू. छागलीतले पाणी गार राहते तेही बाष्पीभवनानेच, आणि माठातलेही. एका प्रवासात एकच तत्त्व माणसांची तहान भागवी आणि पंपही निववी. सुप्त उष्णता शिकवताना बर्फ आणि चंबू यांच्याआधी हे उदाहरण घ्यावे, असे आम्हाला वाटते.

डबा बंद झाला

१९८३ च्या डिसेंबरमध्ये पहिली मारुती ८०० ग्राहकाच्या हाती पडली. तिलाही कार्बोरेटर होता, तिचेही झाकण उघडून मेस्त्री आत पाहू शकत. खरा बदल धुरामुळे झाला. १ एप्रिल १९९५ पासून चार महानगरांत नव्या मोटारींना उत्प्रेरक परिवर्तक सक्तीचा झाला, आणि २००० पासून युरोपीय धर्तीचे उत्सर्जन-नियम आले. कार्बोरेटरला इतका काटेकोर हिशेब जमेना. त्याच्या जागी इंधन फवारणारी पिचकारी आणि तिला हुकूम देणारा संगणक आला. पॉइंट गेले, डिस्ट्रिब्यूटर गेला, चोक गेला. पंप टाकीच्या आत गेला आणि पेट्रोल ओढण्याऐवजी वातावरणाच्या तिप्पट-चौपट दाबाने पुढे ढकलू लागला. प्रेशर कुकरमध्ये पाणी शंभर अंशांना उकळत नाही, तसे दाबाखालचे पेट्रोल नळीत उकळेना. खंडाळ्याच्या चहानंतर अडणारी गाडी इतिहासजमा झाली.

जुने दिवस आठवून गहिवरणारे बरेच भेटतात. आम्ही त्यांत सामील होत नाही. ज्या गाडीचा प्रत्येक भाग रस्त्यावर उघडता येतो, तो भाग रस्त्यावर उघडावाही लागतो. नवी गाडी पुष्कळ कमी अडते आणि पुष्कळ कमी धूर सोडते. तोटा झाला तो दुसरीकडे. पस्तीस वर्षांत साठलेले ज्ञान काही वर्षांत निरुपयोगी ठरले आणि ते ज्यांच्या हातात होते त्यांना नवे शिकवण्याची जबाबदारी कोणी नीट घेतली नाही. नव्या गाडीचा दोष सांगतो तिचाच संगणक. त्यासाठी डॅशबोर्डखाली सोळा पिनांची खोबण असते, आणि एप्रिल २०१० पासून आपल्या नियमांतही गाडीने स्वतःची अशी तपासणी करणे आले. खोबणीला जोडायचे यंत्र ज्याच्याकडे आहे तोच वैद्य. ते यंत्र आता स्वस्तही झाले आहे. पण ते 'ठिणगी चुकली' असा आकडा दाखवते तेव्हा प्लग, कॉइल, तार आणि पेट्रोल यांपैकी दोषी कोण, हे शोधायला पुन्हा एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहावी लागते. जुन्या मेस्त्रींपैकी जे टिकले, ते ही रीत ज्यांच्या अंगात होती ते.

मानपाड्याजवळच्या प्रीमियरच्या कारखान्याची गोष्ट याला जोडूनच येते. १९९० च्या दशकाच्या मध्यावर तिथे फ्रान्सच्या प्यूजो कंपनीच्या भागीदारीत '३०९' ही मोटार तयार होऊ लागली. ती पद्मिनीपेक्षा कितीतरी पुढची होती. तिचे डिझेल इंजिन तर फार नावाजले गेले. दशक संपण्याच्या आत कामगारांचे तंटे आणि भागीदारांचे बिनसणे यांत तो संसार मोडला. मग मालकांना एकेका सुट्या भागासाठी गावोगाव हिंडावे लागले. गाडी उत्तम होती, पण तिला ओळखणारे हात तयार व्हायला जो काळ लागतो तो तिला मिळाला नाही. त्याच कंपनीची जुनाट पद्मिनी मात्र टॅक्सी म्हणून धावतच राहिली. मुंबईत शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ रोजी झाली होती. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा असल्याने ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती रस्त्यावरून गेली.

आता कल्याण-शीळ रस्त्यावर विजेच्या मोटारीही दिसतात. त्यांना पेट्रोल नाही, ठिणगी नाही, सेल्फही नाही. गाडी चालवणारी मोठी बॅटरी शेकडो व्होल्टची असते, आणि सुरक्षिततेसाठी गाडी उभी असताना ती मंडलातून पूर्ण तोडलेली असते. तिला जोडणारे स्विच, दारांची कुलुपे, पडदा आणि संगणक हे सारे चालते ते एका वेगळ्या, छोट्या, १२ व्होल्टच्या बॅटरीवर. बहुतेक गाड्यांत ही बॅटरी अजूनही शिसे आणि गंधकाम्ल यांचीच असते, १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये होती त्याच कुळातली. ती उतरली तर मोठी बॅटरी काठोकाठ भरलेली असूनही गाडी जागी होत नाही, आणि धक्का मारून उपयोग नसतो. अशा वेळी मदतीला आलेला माणूस दुसऱ्या गाडीच्या बॅटरीच्या तारा तिला जोडतो, आतून स्विच लागल्याचा 'खट्' आवाज येतो आणि पडदा उजळतो. पण तारा जोडण्यापूर्वी तो छोट्या बॅटरीची टोके खरवडून घट्ट करतो.